‘बरी आहे’ म्हणू नका, वहिनी!

आपल्या लोकांची प्रकृती विचारण्याची एक रीत आहे आणि सांगण्याचीही एक रीत आहे. विचारणारा ‘कसं काय, बरं आहे ना?’ असे म्हणून उत्तर प्रश्नातच घालून देतो, आणि सांगणारा ‘हो, बरं आहे’ म्हणून ते साभार परत करतो. पडशापासून पक्षाघातापर्यंत सगळ्या दुखण्यांना हे एकच उत्तर पुरते. त्यात लबाडी नसते. चारचौघांत आपले रडगाणे गाऊ नये, एवढीच त्यामागची शिकवण. पण ही शिकवण परमुलखात एका सरकारी कागदावर जाऊन बसली म्हणजे काय अनर्थ होतो, ते मी गेल्या दोन वर्षांत फार जवळून पाहिले.

माझे चुलतबंधू इंग्लंडच्या मध्यभागात, मिडलंड्समधील एका शहरी, पस्तीस वर्षे राहतात. वहिनी मूळच्या सातारकडच्या. तिथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी अठरा वर्षे नोकरी केली. चारशे पोरांचे बटाटे सोलले. पुढे त्यांना आमवात जडला. बोटांची पेरे सुजली, मनगटे धरली, सकाळी उठल्यावर तास-दीड तास हात मुठीतून सुटेनात. नोकरी सोडावी लागली. दादा बस चालवीत असत, तेही निवृत्तीला आलेले. थंडीत घर उबदार ठेवायचे तर गॅसचे बिल छातीवर बसते. अशा वेळी कोणीतरी सांगितले की, ‘पिप’चा अर्ज करा.

हे ‘पिप’ म्हणजे ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’. त्याचे कुळ मोठे आहे. १९४२ साली सर विल्यम बेव्हरिज यांनी आपला प्रसिद्ध अहवाल दिला आणि विलायतेतल्या लोककल्याणाच्या व्यवस्थेचा पाया घातला. (हे बेव्हरिजसाहेब जन्माने आपल्या बाजूचे. १८७९ साली बंगाल इलाख्यात रंगपूर येथे त्यांचा जन्म झाला.) अपंगांच्या जादा खर्चासाठी भत्ता मात्र बऱ्याच उशिरा, १९७१ साली सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचे रूप बदलले, आणि २०१३ च्या एप्रिलपासून नोकरीच्या वयातल्या माणसांसाठी हा ‘पिप’ आला. स्कॉटलंडने २०२२ पासून आपली चूल वेगळी मांडली आहे. मी सांगतो आहे ते इंग्लंडातले.

या भत्त्याला मिळकतीची अट नाही. अर्जदार नोकरी करीत असला तरी तो मिळू शकतो. आणि दुसरी गोष्ट, जी आपल्याकडच्या माणसाला पटकन उमगत नाही, ती अशी की, रोगाच्या नावाला येथे काडीची किंमत नाही. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याप्रमाणे अपंगत्वाची टक्केवारी निघते. ४० टक्के भरले की माणूस सवलतींच्या दारात उभा राहतो. इथे टक्के नाहीत, गुण आहेत, आणि ते शरीराला नसून कामाला आहेत. रोजच्या जगण्यातली दहा कामे आणि हिंडण्याफिरण्याची दोन अशी बारा कामे कायद्याने ठरवली आहेत. रांधणे, खाणे, औषधपाणी सांभाळणे, अंघोळ, शौच, कपडे चढवणे, बोलणे, वाचणे, माणसांत मिसळणे, पैशाचा व्यवहार पाहणे ही पहिली दहा. प्रत्येक कामात किती अडते त्यावर गुण. पहिल्या गटात ८ गुण झाले तर साधा दर, १२ झाले तर वरचा. २०२५-२६ या वर्षी साधा दर आठवड्याला ७३.९० पौंड होता आणि वरचा ११०.४० पौंड. थोडक्यात, परीक्षाच, पण जितके नापास व्हाल तितके पास.

वहिनींची ही परीक्षा टेलिफोनवर झाली. भत्ता देणाऱ्या खात्याने एका कंपनीला हे काम दिलेले असते, आणि त्या कंपनीची एखादी परिचारिका किंवा तत्सम जाणकार व्यक्ती तासभर प्रश्न विचारते. पहिला प्रश्न अर्थातच ‘आज कशा आहात?’ वहिनींनी रीतीप्रमाणे ‘फाइन, थँक्यू’ म्हणून टाकले. पुढेही तसेच. जेवण करता का? करते. अंघोळ? करते. बाहेर जाता का? गुरुवारी देवळात जाते. महिन्याभराने पत्र आले: एकूण गुण ४, भत्ता नामंजूर. सोबतच्या अहवालात लिहिले होते की, अर्जदार बाईंनी आपण ठीक असल्याचे सांगितले. त्या दर आठवड्याला देवदर्शनास जातात. संध्याकाळी तासभर बसून मालिका पाहतात. बोटांची पकड पुरेशी वाटते. टेलिफोनच्या तारेतून बोटांची पकड कशी दिसली, हे त्या अहवालाच्या कर्तीलाच ठाऊक!

वहिनींना राग आला नाही. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या हो भाऊजी. आपण काय भीक मागायला आलोय का इथं?” दादाही गप्प. अठरा वर्षे पगारातून कर भरणाऱ्या बाईने हक्काची गोष्ट मागितली तर ती भीक कशी, हे समजावण्यात माझे दोन रविवार गेले. त्यात मुदती चालू झाल्या होत्या. नामंजुरीनंतर थेट अपील करता येत नाही. आधी एक महिन्याच्या आत खात्यालाच ‘फेरविचार करा’ म्हणून लिहावे लागते. खात्याने फेरविचार केला आणि ‘आमचेच बरोबर’ असे कळवले. त्या पत्रापासून पुन्हा एक महिना, आणि त्या महिन्यात अपिलाचा अर्ज स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘फर्स्ट-टियर ट्रायब्युनल’कडे. फी नाही, वकील लागत नाही. लागला असता तरी तो सरकारी खर्चाने मिळाला नसता. अशा भत्त्यांच्या पहिल्या अपिलाला पूर्वी कायदेविषयक मदत मिळे, ती २०१३ च्या एप्रिलपासून बंद झाली. १९३९ साली युद्ध सुरू होताच निघालेली ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस’ ही संस्था फुकट सल्ला देते. तिथल्या एका वयस्क गृहस्थांनी आम्हाला दोन बैठकांत जे शिकवले, त्यावरच माझी सगळी भिस्त होती. ‘प्रतिनिधी’ म्हणून नातेवाइकाचे नाव चालते. अर्जावर माझे नाव पडले.

काही आठवड्यांनी खात्याकडून कागदांचा गठ्ठा आला. दीडशेच्या वर पाने, प्रत्येकावर क्रमांक. हे पुडके पाहून पुष्कळांचा धीर सुटतो असे त्या गृहस्थांनी सांगितले होते, आणि तसा तो सुटण्याजोगाच होता. पण तयारीचा सारा अर्क त्यातच असतो. खात्याने कोणत्या कामाला किती गुण दिले, ते का दिले, आणि कोणत्या वाक्याच्या आधारावर दिले, हे सगळे तिथे लिहिलेले. मी एका बाजूला कायद्यातली वाक्ये ठेवली, दुसऱ्या बाजूला अहवाल, आणि मधे वहिनींना बसवले.

कायद्याची भाषा वाचताना मला प्रथमच कळले की, सरकारच्या लेखी स्वयंपाक म्हणजे काय. एका माणसापुरता एक साधा शिजवलेला पदार्थ, तोही ताज्या जिनसांतून केलेला; आणि शिजवणे म्हणजे कमरेच्या उंचीवर किंवा त्याहून वर ठेवून गरम करणे. म्हणजे खाली वाकून भट्टीतून काही काढता येत नाही, ही तक्रार बाद. पोळ्या लाटता येत नाहीत, याचेही फारसे महत्त्व नाही. वहिनींना ते ऐकून हसू आले. “म्हणजे माझ्या पुरणपोळ्यांचं दुःख त्यांच्या खिजगणतीतही नाही!” पण कांदा चिरता येतो का, फ्लॉवर मोडता येतो का, भांड्यातले उकळते पाणी ओतता येते का, याला महत्त्व आहे. आणि हे सगळे दादा करीत होते. तीन वर्षांपासून करीत होते. वहिनी नुसत्या फोडणी देत आणि ‘मी जेवण केले’ म्हणत.

तिथेच मला गाठ सापडली. कायदा ‘करता येते का’ एवढेच विचारून थांबत नाही. काम सुरक्षितपणे करता आले पाहिजे, नीटसपणे करता आले पाहिजे, लागेल तितक्या वेळा करता आले पाहिजे, आणि निरोगी माणसाला जास्तीत जास्त जितका वेळ लागेल त्याच्या दुपटीपेक्षा अधिक वेळ लागता कामा नये. या चारांपैकी एक जरी बसले नाही, तरी ते काम ‘येत नाही’ असेच धरायचे. शिवाय हे रोज घडले पाहिजे असे नाही. निम्म्याहून अधिक दिवस घडले तरी पुरे. ही चार कलमे टेलिफोनवर कोणी वहिनींना समजावून सांगितली नव्हती. ‘पायमोजे घालता का?’ याला त्यांचे उत्तर ‘हो’ होते, कारण पायांत पायमोजे असत. ते कोण चढवते हे कोणी विचारले नाही, आणि नवऱ्याने पायमोजे चढवले हे आपण होऊन सांगणारी बाई आमच्या घराण्यात तरी अजून जन्मली नाही.

नामंजुरीचे पत्र आले त्याच आठवड्यात मी त्यांना एक वही दिली होती. वही त्याच आठवड्यापासूनची असणे फार उपयोगी पडले; कारण न्यायाधिकरण खात्याचा निर्णय झाला त्या दिवसाची परिस्थिती पाहते, नंतरची नाही. पुढे त्यांच्या उजव्या हातावर शस्त्रक्रिया झाली. ती कितीही गंभीर असली तरी या अपिलात तिचा उपयोग नव्हता. वहीत रोज चार ओळी, मराठीत, आणि खाली मी केलेले इंग्रजी. पहिल्या आठवड्यात वहीत काय होते? ‘आज बरे होते.’ ‘आज जरा बरे.’ ‘आज थंडी, पण बरे.’ मी दर रविवारी जाऊन विचारायचो: बरे म्हणजे किती वाजता उठलात? नळ कोणी सोडला? केस कोणी धुतले? हळूहळू ओळी बदलल्या. ‘बुधवार. कपाची दांडी धरवेना, कप सांडला. मांडीवर भाजले. ह्यांना सांगितले नाही.’ ‘शनिवार. संडासातून उठता येईना, दहा मिनिटे बसून राहिले, मग कठडा धरून उठले.’ वही वाचताना दादांना पुष्कळ गोष्टी प्रथमच कळल्या. एका रविवारी ती वही हातात घेऊन ते परसात निघून गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

डॉक्टरांच्या कागदांची एक गंमत आहे. इस्पितळातल्या तज्ज्ञांचे पत्र मोठे भारदस्त होते: रोगाचे नाव, रक्ताचे आकडे, औषधांची मात्रा. पण बाई न्हाणीघराच्या टबात पाय कसा टाकते, हे त्यात कुठून असणार? ते सापडले घरी येऊन कठडे आणि उंच बैठक बसवून गेलेल्या ‘ऑक्युपेशनल थेरपिस्ट’ बाईंच्या दोन पानी टिपणात. तिने टबाची उंची मोजली होती, वहिनींचा हात धरून त्यांना आत-बाहेर करून पाहिले होते. हे टिपण खात्याच्या गठ्ठ्यात नव्हते. ते मागवून जोडले, आणि माझी खात्री आहे की, तज्ज्ञांच्या पत्रापेक्षा ते अधिक कामाला आले.

सल्ले देणारे पुष्कळ भेटले. एकजण म्हणाले, “काठी घेऊन जा, लंगडत चला.” दुसऱ्या बाईंनी चाकाची खुर्ची देऊ केली. मी हात जोडले. समोर बसणाऱ्या तिघांत एक डॉक्टर असतो. त्याने अशी सोंगे कैक पाहिलेली असतात, आणि एक खोटे सापडले की दहा खऱ्या गोष्टी पाण्यात जातात. आमची अडचण उलट होती. आम्हाला काही वाढवायचे नव्हते; जे होते ते लपवू नये, एवढेच वहिनींकडून करून घ्यायचे होते. मी जेवणाच्या टेबलाशी न्यायाधीश होऊन बसायचो. “कशा आहात?” “बरी... ” “वहिनी!” “सवय आहे हो भाऊजी, पन्नास वर्षांची!” आम्ही उत्तरे पाठ केली नाहीत. फक्त एक नेम केला: ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून थांबायचे नाही, पुढे ‘कसे’ ते सांगायचे.

दुभाषी मागावा की नाही, यावर घरात वाद झाला. वहिनींचे इंग्रजी दुकानापुरते, शाळेपुरते उत्तम आहे. पण दुखणे सांगायचे इंग्रजी त्यांच्याजवळ नाही, आणि खरे सांगायचे तर ते कोणाजवळ असते? आपल्या भाषेत ठणका वेगळा, कळ वेगळी. चमक निघते, शीर ओढते, हाताला रग लागते, बोटे आखडतात, खांदा अवघडतो, आत कुठेतरी सलते. टेलिफोनवर या सगळ्यांचे मिळून एकच ‘पेन’ झाले होते. न्यायाधिकरण दुभाष्याचा खर्च स्वतः सोसते. घरच्या माणसाला मात्र दुभाषी होऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. आम्ही अर्जात मराठी दुभाषी मागितला. आलेल्या बाई विदर्भाकडच्या निघाल्या. पाच मिनिटांतच त्यांचे आणि वहिनींचे ‘आखडणे’ या शब्दावर एकमत झाले.

सुनावणी २०२५ च्या जूनमध्ये झाली. तारखेची सूचना निदान चौदा दिवस आधी येते. आम्हाला तीन आठवडे मिळाले. कोर्ट म्हटल्यावर दादांनी टाय बांधला होता, पण ना डगले, ना केसांचे टोप. एक लांब टेबल, पाण्याचा जग, आणि पलीकडे तिघे: मध्ये न्यायाधीश बाई, उजवीकडे डॉक्टर, डावीकडे अपंगत्वाच्या प्रश्नांची जाण असलेले सभासद. ते स्वतः व्हीलचेअरमध्ये होते. खात्याचे कोणी आले नव्हते. बऱ्याचदा येत नाहीत म्हणे.

डॉक्टरांनी सुरुवात केली ती ‘आज इथवर कशा आलात?’ या प्रश्नाने. हा प्रश्न दिसतो तितका साधा नसतो; गाडीपासून दारापर्यंतचे अंतर त्यांना ठाऊक असते. वहिनी म्हणाल्या, “चालत आले, दोनदा थांबले.” तसेच झाले होते. पुढे देऊळ आले. दर गुरुवारी जाता ना? जाते, पण दाराशी गाडीतून उतरते, आणि खाली बसत नाही. तिथे माझ्यासाठी खुर्ची ठेवतात. मालिका आली. हो, बघते, रिमोटचे बटण दाबता येत नाही म्हणून एकच वाहिनी चालू असते. यावर न्यायाधीश बाईही हसल्या. मग सभासदांनी अगदी हळू आवाजात विचारले, “तुमचे केस लांब आहेत. ते कोण धुते?”

वहिनी गप्प झाल्या. दुभाष्या बाईंनी प्रश्न पुन्हा मराठीत सांगितला. वहिनी खाली पाहत राहिल्या. मला बोलण्याची परवानगी नव्हती. प्रतिनिधीने अशिलाचे उत्तर देऊ नये. तेव्हा मागच्या खुर्चीवरून दादा उठले आणि मोडक्या आवाजात इंग्रजीत म्हणाले, “मी धुतो, साहेब. रविवारी. वेणीही मीच घालतो. तीन वर्षं झाली.” न्यायाधीश बाईंनी लेखणी खाली ठेवून त्यांना पुढे येऊन बसायला सांगितले. पुढची वीस मिनिटे दादाच बोलले. बस चालवणारा, उभ्या आयुष्यात बायकोविषयी चार वाक्ये न बोललेला माणूस. टबात कसे उतरवतो, पायमोजा आधी कोणत्या पायात, रात्री बोटे कशी चोळतो, सगळे सांगून गेला. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. हो, पदराने, कारण त्या दिवशी हट्टाने लुगडे नेसल्या होत्या, आणि निऱ्या कोणी काढल्या हेही दादांनीच सांगून टाकले.

आम्हाला बाहेर बसवले. अर्ध्या तासाने निकालाचा कागद हातात आला. रांधण्याला ४ गुण, अंघोळीला ३, शौचाला २, कपड्यांना २. एकूण ११. चालण्याच्या गटात ४. तिथे ८ लागतात, म्हणून त्या बाजूचे काही नाही. पण पहिल्या गटात साधा दर मंजूर, अर्जाच्या तारखेपासून. वहिनींनी कागद उलटसुलट करून पाहिला. “अकरा? वरच्या दराला बारा लागतात ना? म्हणजे फर्स्ट क्लास एका मार्कानं हुकला!”

सुनावणीपर्यंत पोचलेल्या अपिलांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक अर्जदारांच्या बाजूने लागतात, हे तिथे जाणकारांना ठाऊक आहे. पहिल्याच पत्राला घाबरून जे घरी बसतात, त्यांची गणती कोणी ठेवत नाही. आमच्या ओळखीतच अशी तीन घरे निघाली. त्यांतल्या एका आजारी गृहस्थांची महिन्याची मुदत अजून उरली होती, त्यांचा फेरविचाराचा अर्ज दादांनी स्वतः नेऊन टाकला.

निकालावर कायद्याच्या मुद्द्यापुरते वरच्या न्यायाधिकरणाकडे जाता येते; खाते गेले नाही. मागची बाकी सहा आठवड्यांनी जमा झाली. त्यातून न्हाणीघरातला टब काढून खाली बसवलेला सपाट शॉवर केला, आणि आठवड्यातून दोन सकाळी एक पोलिश बाई मदतीला येऊ लागली. केस मात्र अजून दादाच धुतात. भत्ता तीन वर्षांपुरता मंजूर झाला आहे. मुदत संपण्याच्या आधी पुन्हा फॉर्म येणार, पुन्हा तेच बारा प्रश्न. वही चालू ठेवली आहे. मागच्या आठवड्यात फोनवर विचारले, तर दादा म्हणाले की तिसरी वही संपत आली, येताना पुण्याहून दोनशे पानी आण. इथल्या वह्यांच्या रेघा फार जवळ असतात, तिला त्यात लिहवत नाही.